बेस मॉडेलरला खरा कॅब जोडताना

बेस गिटारचा मॉडेलर म्हणजे ॲम्प आणि स्पीकर यांची डिजिटल नक्कल करणारं यंत्र. त्यातला हेडफोनमध्ये झकास वाजणारा प्रीसेट (साठवून ठेवलेला आवाज) पॉवर ॲम्पमधून खऱ्या कॅबमध्ये, म्हणजे स्पीकरच्या पेटीत सोडला, की बरेचदा तोंडावर गोधडी घेऊन कोणीतरी बोलतंय असा आवाज येतो. खालचा खर्ज घुमतो, वरचा टणत्कार गायब. अशा वेळी मॉडेलरला किंवा कॅबला दोष देण्याआधी एक गोष्ट तपासा: कॅब दोनदा लागलेला असतो. एक मॉडेलरच्या आत, आयआर नावाच्या डिजिटल ठशाच्या रूपात, दुसरा बाहेर, लाकडाचा.

मॉडेलरमधला पूर्ण प्रीसेट म्हणजे एक साखळी असते: प्रीॲम्प (आवाजाला रंग देणारा पहिला भाग), पॉवर ॲम्प (तो मोठा करणारा भाग), स्पीकर कॅबिनेट, त्यासमोरचा माइक आणि थोडीफार ती खोली. शेवटच्या तीन गोष्टींचा मिळून जो ठसा घेतात तो आयआर, म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स. हेडफोन, रेकॉर्डिंग आणि पीए (श्रोत्यांसाठीची ध्वनियंत्रणा) या तिन्हींना तो लागतोच, कारण तिथे बेसचा कॅब नसतो. कॅब समोर उभा असेल तर मात्र तो ठसा काढायचा. सेटअप कोणताही असो, पहिला प्रश्न हाच: साखळीतली कोणती कडी दोनदा आली आहे, आणि कोणती एकदाही आलेली नाही? पुढचं बहुतेक सगळं याच प्रश्नातून सुटतं.

आयआर बंद करण्याची सोय जवळपास प्रत्येक मॉडेलरमध्ये असते, फक्त जागा वेगवेगळी. लाइन ६ च्या हेलिक्समध्ये ॲम्प+कॅब, नुसता ॲम्प आणि नुसता प्रीॲम्प असे तीन वेगळे ब्लॉक मिळतात. केम्परमध्ये फक्त मॉनिटर आउटपुटचा कॅब बंद करता येतो. फ्रॅक्टलच्या ॲक्स-एफएक्समध्ये कॅब मॉडेलिंग आणि पॉवर ॲम्प मॉडेलिंग यांचे ग्लोबल स्विच वेगवेगळे आहेत. ग्लोबल स्विच असेल तर शक्यतो तोच वापरा. पन्नास प्रीसेटमधला कॅब हाताने काढायला बसलात तर एखादा राहून जातो, आणि तो नेमका कार्यक्रमात वाजतो.

आता पॉवर ॲम्पचं मॉडेल ठेवायचं की काढायचं? इथे लोक सरसकट "काढा" म्हणतात, ते मला पटत नाही. आजकाल मॉडेलरच्या मागे लागतो तो बहुतेक क्लास डी, म्हणजे ट्यूब नसलेला हलका पॉवर ॲम्प. त्याला स्वतःचा स्वभाव जवळजवळ नसतो. आत गेलं तेच मोठं होऊन बाहेर येतं. १९६९ साली आलेल्या ॲम्पेग एसव्हीटीचा जो गुरगुराट आपल्याला हवा असतो, त्यातला मोठा वाटा त्याच्या सहा पॉवर ट्यूब (काचेचे व्हॉल्व्ह) आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा आहे. क्लास डी ॲम्प तो देणार नाही. म्हणून अशा ॲम्पसोबत पॉवर ॲम्पचं मॉडेल चालू ठेवावं. मागे खरा ट्यूब पॉवर ॲम्प असेल तर मात्र नुसता प्रीॲम्प ब्लॉक घ्यावा, नाहीतर ट्यूब दोनदा लागतात: आवाज दबतो आणि पिकचा पहिला ठोका बोथट होतो.

यात एक बारकावा आहे. ट्यूब ॲम्प आणि स्पीकर एकमेकांशी बोलत असतात. स्पीकरचा इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजतात) सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखा नसतो. कॅबच्या रेझोनन्सजवळ, म्हणजे स्पीकर आपोआप घुमतो त्या सुराजवळ, तो खूप चढतो आणि वरच्या पट्टीत पुन्हा हळूहळू वाढत जातो. ट्यूब ॲम्प त्या चढावांबरोबर थोडा फुगतो, ट्रान्झिस्टर ॲम्प फारसा फुगत नाही. चांगली मॉडेलं हा फुगवटासुद्धा दाखवतात. तो मॉडेलमधल्या कॅबच्या रेझोनन्सला बेतलेला असतो आणि तुमचा कॅब वेगळा असू शकतो. रेझोनन्स किंवा स्पीकर इम्पीडन्स नावाची सेटिंग दिसली तर तिचा आकडा कमी करत ऐका. घुमणारा एखादाच सूर शांत होतो का ते लगेच कळतं.

बेस ॲम्पचं हेड (स्पीकर नसलेला ॲम्प) हाताशी असेल तर वेगळा पॉवर ॲम्प घ्यायलाच हवा असं नाही. हेडच्या मागच्या एफएक्स रिटर्नमध्ये (बाहेरच्या इफेक्टचा आवाज परत आत घेणारं सॉकेट) मॉडेलरची वायर लावली की हेडचा प्रीॲम्प बाजूला पडतो. पुढच्या इनपुटला लावली तर दोन प्रीॲम्प एकामागोमाग येतात, म्हणजे पुन्हा तीच दोनदा आलेली कडी. रिटर्नबाबत दोन गोष्टी आधी पाहून घ्या. काही हेडवर मास्टर व्हॉल्यूम रिटर्नच्या आधी असतो, म्हणजे तो नॉब फिरवून काहीच होत नाही आणि पहिलाच सूर पूर्ण जोरात सुटतो. म्हणून मॉडेलरचा नॉब शून्यावर ठेवूनच सुरुवात करा. आणि इफेक्टची ही वाट (लूप) पॅरलल, म्हणजे हेडच्या मूळ आवाजाच्या जोडीने चालणारी असेल, तर ब्लेंड नॉब पूर्ण "वेट"कडे, म्हणजे बाहेरून आलेल्या आवाजाकडे फिरवा.

लेव्हलचं गणित

इथे थोडं रेंगाळतो, कारण "मॉडेलरमधून पॉवर ॲम्पला आवाजच येत नाही" ही तक्रार बहुतेक वेळा लेव्हलची असते.

समजा पॉवर ॲम्प ४ ओहमवर ४०० वॅटचा आहे. ४०० गुणिले ४ म्हणजे १६००, त्याचं वर्गमूळ ४०. म्हणजे पूर्ण जोरावर स्पीकरच्या टोकांवर ४० व्होल्ट असतात. ॲम्पचा गेन ३२ डेसिबल असेल तर तो व्होल्टेज साधारण ४० पट करतो. त्यामुळे पूर्ण ताकदीसाठी त्याला आत १ व्होल्ट लागतो. गेन २६ डेसिबल असेल तर पट होते २०, आणि लागतात २ व्होल्ट. आता मॉडेलरचं आउटपुट इन्स्ट्रुमेंट लेव्हलवर (गिटारमधून येतो तेवढा कमजोर सिग्नल) असेल तर बाहेर पडणारे व्होल्ट याच्या बरेच खाली राहतात. ॲम्प बिचारा अर्धा झोपेत. लाइन लेव्हल (यंत्रांमधला जोरदार सिग्नल) केली की प्रोफेशनल +४ डीबीयूची सरासरी १.२३ व्होल्ट आहे आणि त्याच्या वरही भरपूर जागा शिल्लक असते. तेव्हा पॉवर ॲम्पसाठी लाइन लेव्हल, असा साधा नियम ठेवा. एफएक्स रिटर्नला काही हेड −१० डीबीव्ही, म्हणजे ०.३२ व्होल्ट अपेक्षितात. तिथे लाइन लेव्हल जास्त वाटली तर मॉडेलरचा नॉब खाली आणा.

दुसरा गैरसमज पॉवर ॲम्पच्या पुढच्या नॉबचा. तो ताकदीचा नॉब नाही, तो अटेन्युएटर आहे, म्हणजे आत येणारा सिग्नल कमी करतो. निम्म्यावर ठेवला म्हणून ४०० चा २०० वॅट होत नाही. तीच पूर्ण ताकद गाठायला आत जास्त व्होल्ट लागतात, एवढंच. म्हणून "नॉब निम्म्यावर आहे, स्पीकर सुरक्षित आहे" हे मनातून काढून टाका.

जुळवणी अशी करा. पॉवर ॲम्पचे नॉब पूर्ण बंद. मॉडेलरवर सर्वात आडदांड प्रीसेट घ्या आणि सर्वात जोरात, स्लॅप (अंगठ्याने तार ठोकून वाजवणं) करत असाल तर स्लॅप करून वाजवा; मीटरचं टोक शून्याच्या ६ डेसिबल खाली राहील अशी प्रीसेटची लेव्हल ठेवा. मॉडेलरचा मुख्य नॉब साधारण तीन चतुर्थांशावर आणा. मग पॉवर ॲम्पचा नॉब हळूहळू उघडत स्टेजला हवा तेवढा आवाज करा. क्लिपचा (आवाज फाटू लागल्याचा) दिवा अगदी जोरकस ठोक्याला लुकलुकला तर चालतं, टिकून राहिला तर नाही. उलटं केलंत, म्हणजे मॉडेलर खाली आणि पॉवर ॲम्प पूर्ण उघडा, तर न वाजवताही स्पीकरमधून सूंऽऽ येत राहतो.

ओहम, वॅट आणि दुसरा कॅब

८ ओहमचे दोन कॅब समांतर जोडले की ४ ओहम होतात. एक ८ चा आणि एक ४ चा असेल तर २.६७. ८ चे तीन जोडले तरीही २.६७. ॲम्पवर किमान ४ ओहम लिहिलं असेल तर शेवटच्या दोन्ही जोडण्या करू नका. क्लास डी ॲम्प बहुतेक वेळा स्वतःला बंद करून घेतो, आणि तेही गाण्याच्या मधोमध. ॲम्पचे दोन चॅनेल ब्रिज केले, म्हणजे मिळून एक मोठा केला, तर किमान इम्पीडन्स दुप्पट होतो: चॅनेलला २ ओहम चालत असेल तर ब्रिजला ४, चॅनेलला ४ चालत असेल तर ब्रिजला ८.

कॅबवरचा आकडा खरा आहे का हे मल्टिमीटरने पाहता येतं. ८ ओहमचा कॅब मीटरवर साधारण ५.५ ते ६.५ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते ३.५. मीटर डीसी रेझिस्टन्स मोजतं, म्हणून आकडा कमी दिसतो. काहीच दाखवलं नाही तर आतली वायर सुटली आहे किंवा कॉइल जळाली आहे.

४ ओहमला ४०० देणारा ॲम्प ८ ओहमला साधारण २०० किंवा थोडे जास्त वॅट देतो. ऐकायला हे निम्मं अजिबात वाटत नाही. फरक ३ डेसिबलचा, म्हणजे जाणवेल न जाणवेल इतका. दुसरा सारखाच कॅब जोडला की मात्र चित्र बदलतं: वॅट दुप्पट झाल्याचे ३ डेसिबल आणि हवा ढकलणारं क्षेत्रफळ दुप्पट झाल्याचे खालच्या पट्टीत अजून ३. म्हणून मोठा ॲम्प घ्यावा की दुसरा कॅब, असा प्रश्न पडला तर माझा कौल दुसऱ्या कॅबला. दोन्ही एकमेकांवर उभे रचा. शेजारी ठेवले तर बाजूला उभ्या असलेल्या माणसाला मधल्या पट्टीत खड्डे ऐकू येतात. १×१५ (एक पंधरा इंची स्पीकर) आणि ४×१० (चार दहा इंची) अशी मिसळ टाळलेली बरी. दोन्ही ८ ओहमचे असतील तर दोन्हींना सारखे वॅट जातात, म्हणजे पंधरा इंची स्पीकर एकटा २०० सोसतो आणि दहा इंची प्रत्येकी ५०.

वायर आणि प्लग

४०० वॅट, ४ ओहम म्हणजे वायरमधून १० अँपिअर. गिटारची शिल्डेड केबल यासाठी नाहीच. तिची आतली तार बारीक असते, तापते, वितळून शॉर्ट होते आणि ॲम्प घेऊन जाते. २.५ चौरस मिलिमीटरची दोन तारांची स्पीकर केबल घ्या.

स्पीकॉनचा (स्पीकर केबलचा फिरवून बसणारा) प्लग एकदा उघडून पाहावाच. मागची नळी फिरवून काढली की आतला तुकडा हातात येतो. चार तारांच्या प्लगवर १+, १−, २+, २− अशी बारीक अक्षरं कोरलेली असतात. नेहमीच्या कॅबला १+ आणि १− लागतात. दोन चॅनेलच्या बऱ्याच पॉवर ॲम्पमध्ये ब्रिजचं आउटपुट १+ आणि २+ वर निघतं. तिथे नेहमीची केबल लावली तर एकाच चॅनेलचा आवाज येतो आणि ब्रिज केल्याचा पत्ताच लागत नाही. ब्रिजसाठी केबल वेगळी बनवा: ॲम्पच्या टोकाला १+ आणि २+, कॅबच्या टोकाला १+ आणि १−. तिला लाल टेप गुंडाळून ठेवा, कारण नंतर घाईत हीच केबल चुकीच्या जागी जाते. ब्रिजच्या दोन्ही तारा जिवंत असतात. त्यातली एकही अर्थला किंवा दुसऱ्या कुठल्या यंत्राच्या ग्राउंडला लावायची नाही.

दोन कॅब जोडून खर्ज उलट कमी झाला तर एका कॅबची पोलॅरिटी (धन-ऋण जोडणी) उलटी आहे. साधा १.५ व्होल्टचा सेल केबलच्या टोकांना क्षणभर टेकवा. धन टोक धनला लावल्यावर दोन्ही कॅबचे कोन (स्पीकरचे हलणारे पडदे) एकाच दिशेला, बाहेर सरकले पाहिजेत.

आयआर काढल्यावर खाली काय सुटतं

आयआर काढला की आपण नुसता आवाजाचा ठसा काढत नाही, एक गाळणीही काढतो, आणि हे फार कमी जणांच्या लक्षात येतं. माइक लावलेला कॅब तळातलं आणि वरचं बरंच कापत असतो. ती गाळणी गेली की प्रीसेटमधला सगळा तळ थेट खऱ्या स्पीकरवर येतो.

चार तारांच्या बेसची जाड ई तार ४१ हर्ट्झ, पाच तारांची बी ३१ हर्ट्झ. ऑक्टेव्हर (एक सप्तक खालचा सूर देणारा इफेक्ट) लावून मोकळी ए वाजवली तर २७.५. एक सप्तक खाली तेवढाच जोर हवा असेल तर कोनाला चौपट हलावं लागतं. पोर्ट (हवेसाठीचं भोक) असलेल्या कॅबमध्ये पोर्टच्या सुराच्या खाली हवेचा आधारच सुटतो: कोन डोळ्यांना दिसेल असा पुढे-मागे फडफडतो आणि ऐकू मात्र जवळजवळ काहीच येत नाही. त्याच वेळी कॉइल मागे आदळल्याचा कोरडा टक् आला तर लगेच हात थांबवा. कॅबवर ५०० वॅट लिहिलेले असले तरी ती बहुधा उष्णता सोसण्याची मर्यादा असते. ४० हर्ट्झच्या खाली कोनाच्या हालचालीची मर्यादा त्याच्या कितीतरी आधी गाठली जाते.

उपाय साधा: पॉवर ॲम्पकडे जाणाऱ्या मार्गावर सर्वात शेवटी हायपास फिल्टर, म्हणजे तळ कापणारी गाळणी. पोर्टवाल्या कॅबला ३५ ते ४० हर्ट्झ, १२ किंवा २४ डेसिबल प्रति सप्तक. पाच तारी बेसलाही ३५ चालतं. बी तार वाजली की कान बराचसा ६२ हर्ट्झ आणि त्यावरच्या स्वरांशांवर तो सूर ओळखतो. ३१ हर्ट्झ मूळ सूर बऱ्याच बेस कॅबमधून तसाही धडपणे निघत नाही. फिल्टर लावल्यावर आवाज बारीक होईल ही भीती असते. प्रत्यक्षात ॲम्प मोकळा होतो आणि बेस पुढे येतो. बंद कॅबचा उतार पोर्टवाल्यापेक्षा सौम्य असतो, तिथे ३० ही पुरे.

वरच्या टोकाला ट्वीटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) असतो. मॉडेलमधला ड्राइव्ह (मुद्दाम फाटवलेला, खरखरीत आवाज) ज्या जुन्या कॅबच्या आठवणीने बनवलेला असतो त्यात बहुधा ट्वीटर नसतो आणि ४-५ किलोहर्ट्झच्या वर फारसं काही येत नाही. तोच ड्राइव्ह ट्वीटरमधून निघाला की चरचर कानात जाते. कॅबच्या मागचा ट्वीटरचा नॉब बंद करा, किंवा ड्राइव्हच्या प्रीसेटमध्ये ५ किलोहर्ट्झला लोपास (वरचं कापणारी गाळणी) लावा. स्वच्छ स्लॅपसाठी ट्वीटर हवाच, तेव्हा मी तरी दुसरा मार्ग निवडेन.

कॅबच्या जागी फुल-रेंज फ्लॅट स्पीकर असेल तर वरचं बरंचसं उलटतं: आयआर चालू, पॉवर ॲम्प मॉडेल चालू. तो म्हणजे एक छोटा पीए आहे असं समजा. तळाचा हायपास मात्र तिथेही ठेवा.

पीएला वेगळा रस्ता

स्टेजवर कॅब आणि समोर पीए, दोन्ही असतील तर मॉडेलरच्या आत ॲम्पच्या ब्लॉकनंतर मार्ग दुभंगा. एक आयआरसह एक्सएलआरमधून (तीन पिनांचं माइकचं सॉकेट) मिक्सरकडे, दुसरा आयआरशिवाय, हायपास लावून, जॅकमधून पॉवर ॲम्पकडे. मोठा व्हॉल्यूम नॉब फक्त जॅक आउटपुटला बांधून ठेवा, म्हणजे स्टेजवर आवाज वाढवला तरी साउंडवाल्याची लेव्हल हलत नाही. स्टेजच्या घुमण्यासाठी इक्यूही याच दुसऱ्या मार्गावर लावा. खोली बदलते, प्रीसेट बदलायचं कारण नाही. स्टेजबॉक्समध्ये जाणार असेल तर एक्सएलआर माइक लेव्हलवर ठेवा, आणि त्या चॅनेलचा ४८ व्होल्ट फँटम (माइकसाठी केबलमधून येणारी वीज) बंद करायला सांगा.

साउंडवाला कधी बेसचा कोरडा डीआयही, म्हणजे ॲम्पच्या रंगाशिवायचा थेट सिग्नलही मागतो. वेगळ्या डीआय बॉक्समधून तो दिला तर एक फसगत होते. मॉडेलर सिग्नलचं डिजिटल करून परत ॲनालॉग करायला काही मिलिसेकंद घेतो. २ मिलिसेकंदांचा उशीर धरला आणि दोन्ही सिग्नल सारख्या जोराने मिसळले, तर २५० हर्ट्झला मोठा खड्डा पडतो. ३ असतील तर १६७ ला. बेसचं अंगच निघून जातं. कोरडा सिग्नलही मॉडेलरच्याच दुसऱ्या आउटपुटमधून द्या, म्हणजे दोन्ही एकाच वाटेने आणि एकाच वेळी पोचतात.

पॉवर ॲम्प आणि पीए दोन्ही जोडल्यावरच गुणगुण सुरू झाली तर तो ग्राउंड लूप, म्हणजे अर्थच्या दोन वाटांमधून झालेलं वर्तुळ आहे. एक्सएलआरवरचा ग्राउंड लिफ्ट दाबा. नसेल तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. विजेच्या प्लगची अर्थ पिन कधीही काढू नका, गुणगुण कितीही त्रास देवो. एका हातात तारा आणि ओठांसमोर माइक असताना ती पिनच जीव वाचवते.

प्रीसेट खऱ्या आवाजात बनवा. हळू आवाजात कानाला खर्ज आणि वरची टोकं कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच हे मोजून दाखवलं होतं. हेडफोनवर हळू आवाजात बेतलेला प्रीसेट म्हणूनच स्टेजवर घुमतो आणि चरचरतो. तालमीला ड्रमर वाजवत असताना २५० ते ८०० हर्ट्झची पट्टी ऐकून ठरवा; एकट्याने ऐकताना कर्कश वाटणारी हीच पट्टी बँडमध्ये बेसला जागा देते. सगळ्या प्रीसेटची लेव्हलही त्याच बैठकीत, त्याच आवाजात सारखी करून घ्या.

सुरू करताना आधी मॉडेलर, तो पूर्ण उघडेपर्यंत थांबा, मग पॉवर ॲम्प. बंद करताना आधी पॉवर ॲम्प, त्याचे दिवे पूर्ण विझेपर्यंत थांबून मग मॉडेलर. उलट केलं तर मॉडेलर बंद होतानाचा धप्प सरळ कोनवर जातो.